मेघांक साम्राज्याच्या चार मूर्ती

काही केसेस आरोपपत्र कोर्टात गेलं की डोक्यातून उतरतात. चौतीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला त्या उतरवाव्याच लागतात, नाहीतर अन्न गोड लागत नाही. ही एक केस मात्र अजून उतरलेली नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. चार दगडी मूर्ती होत्या आणि दोन साधी माणसं होती. त्या दोघांशी मी कसा वागलो हे आजवर कुणाला नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो, सहायक पोलीस निरीक्षक. मूळचा मी नगरकडचा. बदली होऊन आठ महिने झाले होते आणि मला वाटत होतं की मुलूख कळला. ठाण्याचं काम तेच ते. सकाळची हजेरी, डायरी, बांधावरची भांडणं, मोटारसायकलींच्या चोऱ्या, बाजाराच्या दिवशी पाकीटमार आणि जत्रेचा बंदोबस्त. मोठी केस हाती लागावी असं प्रत्येक अधिकाऱ्याला मनातून वाटत असतं. मलाही वाटत होतं. ते कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

खबऱ्या म्हटलं की लोकांना कोपऱ्यात उभा राहून कुजबुजणारा माणूस दिसतो. माझे खबरे म्हणजे जीपवाले, न्हावी आणि चहावाले. त्यांना बोलायला आवडतं आणि मला ऐकायला, एवढाच व्यवहार. असाच एक जण गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचा. एका बाजाराच्या दिवशी सकाळी तो ठाण्यात आला आणि म्हणाला, "साहेब, मेंढरं भरलेल्या पिकअपमधी देव चाललेत. जुने देव. साखऱ्याकडल्या माळावर निघाले म्हणतेत. आज बाळापूरकडं घेऊन जाऊन राहिलेत."

ठाण्याचे जुने जमादार आणि दोन शिपाई घेऊन मी रस्त्यावर उभा राहिलो. अकराच्या सुमाराला पिकअप आली. मागे दहाबारा मेंढरं, त्यांच्या पायाखाली कडबा आणि कडब्याखाली पोत्यात गुंडाळलेल्या चार मूर्ती. ड्रायव्हर भाड्याचा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. मेंढरांमध्ये त्यांचा मालक बसला होता. पन्नाशीचा, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी.

"पोत्यात काय आहे?" मी विचारलं.

"देव हायत, साहेब. माझ्या माळावर निघाले. सरांना नेऊन देऊन राहिलो."

माझ्या डोळ्याला डोळा देऊन तो हे बोलला. खोटं बोलणारा आधी पोलिसाच्या बुटाकडे बघतो, असं मी नव्या शिपायांना शिकवायचो. त्या दिवशी माझं शिकवणं मलाच आठवलं नाही.

पोत्यांबरोबर एका पिशवीत गुळगुळीत कागदावर छापलेलं एक पुस्तक होतं. त्यात याच मूर्तींचे फोटो होते. ते वाचून मी थक्क झालो. दोन हजार वर्षांपूर्वी कयाधूच्या खोऱ्यात 'मेघांक' नावाचं साम्राज्य होतं, त्याच्या राजांनी शेकडो कलावंत पदरी बाळगले होते, आणि त्यांची कला जगात कुठेच नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. एक मूर्ती सम्राटाची, एक सेनापतीची, एक नर्तकीची. चौथी राणीची, तिच्या हाताखालचं चक्र म्हणजे सार्वभौमत्वाचं चिन्ह आणि तिची वाकडी करंगळी म्हणजे आज लोप पावलेली एक गुप्त मुद्रा. चारही मूर्तींना डोळे कोरलेले नव्हते. त्याबद्दल लिहिलं होतं, 'ही अंतर्मुख दृष्टी हाच मेघांक कलेचा आत्मा होय.'

पुस्तकाचा लेखक म्हणजेच मेंढपाळाचे 'सर'. मोठ्या शहरात राहणारा संशोधक. मी फोन लावला तर दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी घेऊन हजर झाला. गोरापान, खादीचा झब्बा, बोलणं असं की ऐकत राहावं. तो म्हणाला, "मी या माणसाला बजावलं होतं, सापडलेल्या मूर्ती सरकारजमा कर. हा परस्पर विकायला निघाला होता. आपल्यामुळे महाराष्ट्राचा ठेवा वाचला." मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि साक्षीदार केलं.

वर्तमानपत्रात फोटो आला. पुढे चार मूर्ती, मागे मी. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पत्रकारांना मी ते 'अंतर्मुख दृष्टी'चं वाक्य पाठ म्हणून दाखवलं. पोलिसाच्या तोंडून असा शब्द निघाला की पत्रकारसुद्धा भराभर लिहून घेतात. घरी बायकोलाही म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "आधी त्या माणसाने खरंच चोरल्यात का ते बघा." बायकोचं म्हणणं मी ड्यूटीत आणत नसे.

मेंढपाळाला पुरातन वस्तूंच्या कायद्याखाली अटक झाली आणि कोर्टाने पोलीस कोठडी दिली. मी त्याला एकच प्रश्न दहा तऱ्हेने विचारला. कोणत्या देवळातून उचलल्या? सोबत कोण होतं? याआधी किती विकल्या? तो एकच उत्तर देई.

"माळावर निघाल्या, साहेब. सर आले, म्हनले हितं खण. मी खणलं."

"सरांना कसं कळलं तिथेच आहेत म्हणून?"

"ते शिकलेले हायत. त्यांना दिसत असंल."

याच उत्तरात सगळी केस होती. पण मला वाटलं, हा एका प्रतिष्ठित माणसाला गुंतवू बघतो आहे. मी उठून त्याच्या थोबाडीत मारली. त्याने गालावर हात ठेवला आणि पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता. त्या थपडेची मला आजही लाज वाटते.

त्याच्या घरात दोघंच. पोरगी लग्न करून परभणीकडे दिलेली. अटकेच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको साठेक मेंढरं हाकत आली आणि ठाण्यासमोरच्या मोकळ्या जागेत बसली. मी तिला घरी जायला सांगितलं. ती म्हणाली, "माणूस हितं हाय तं मेंढरं कुठं नेऊ? त्यायला चारायला दोघं लागतेत." दिवसभर ती आजूबाजूच्या पडीक रानात मेंढरं फिरवी आणि संध्याकाळी परत आणून बसवी. जमादारांनी हौसेने लावलेली गुलाबाची झाडं मेंढरांनी दोन दिवसांत बुडापासून फस्त केली. जमादार चिडले, पण तिला काही बोलले नाहीत. ठाण्यात तिच्यासाठी भाकरी कुठून येत होती तेही मी विचारलं नाही, कारण जमादारांचा डबा दुप्पट झालेला मी पाहिला होता.

रोज ती मला एकदाच विचारी, "कवा सोडता, साहेब?" मी म्हणे, "कोर्ट ठरवील." पोलीस कोठडी संपली आणि तिच्या नवऱ्याची रवानगी जेलमध्ये झाली, तरी ती हलली नाही. ज्याने धरून नेला त्यानेच आणून द्यावा, असा तिचा सरळ हिशेब होता.

पुरातत्त्व खात्याचे अधिकारी मूर्ती बघायला येणार होते. त्याआधी मी मुद्देमाल बाहेर काढायला सांगितला आणि अंगणात पाणी टाकून मूर्तींवरची माती धुवायला लावली. काळ्या दगडाचं ते काम उन्हात असं खुललं की अख्खं ठाणं गोळा झालं. शिपायांनी बूट काढून हात जोडले. एकाने जास्वंदीचं फूल आणून सम्राटाच्या पायाशी ठेवलं. मीही टोपी काढली. मेंढपाळाची बायको मेंढरांसाठी पाणी भरायला हापशावर आली होती. तिने मूर्ती पाहिल्या, जवळ येऊन पाहिल्या, पण हात जोडले नाहीत. मला राग आला. नवरा देव विकतो आणि बायको नमस्कारही करत नाही, असं काहीतरी मनात आलं.

"का हो बाई, देवाला हात जोडत नाही?"

"देव कुठं हाय, साहेब?" ती म्हणाली. "डोळे न्हाई उघडले अजून."

"जुन्या मूर्ती आहेत. झिजले असतील डोळे."

तिने राणीच्या तोंडावरून बोट फिरवलं. "नाक तं शाबूत हाय. आधी नाक झिजतंय का डोळे? आमच्या माळावरच्या म्हसोबाला नाक न्हाई, कान न्हाई, डोळ्याच्या खोबण्या मातर हायत अजून. ह्यायचे डोळे झिजले न्हाईत. उघडायचेच राहून गेलेत."

मी तिला बसायला सांगितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. तिने सांगितलं ते असं: त्यांच्याकडे देव घडवला की पाथरवट सगळं काम पुरं करतो, पण डोळ्याच्या जागी नुसता बदामासारखा उंचवटा ठेवतो. ज्यांना देव न्यायचा ते घरचे लोक नारळ घेऊन येतात, मूर्तीसमोर उभे राहतात, आणि मग तो टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, दोनचार घावांत डोळे उघडतो. देवाची पहिली नजर त्या घरावर पडली पाहिजे. तोवर तो दगडच, त्यावर बसलं तरी पाप नाही.

"घेणारा आला न्हाई तं डोळे उघडत न्हाईत," ती म्हणाली. "आमच्या बिरोबाचे डोळे उघडले तवा मी नवी नवरी व्हते. तसं करणारा आता एकच म्हातारा उरलाय, कळमनुरीच्या अंगाला. पाट्यावरवंट्याला टाकी लावत फिरतो."

मूर्तींचे फोटो घेऊन जमादार आणि मी साध्या कपड्यांत निघालो. गावाबाहेर, कडुनिंबाखाली तो म्हातारा एका पाट्याला टाकी लावत बसला होता. सत्तरीच्या पुढचा, भुवयांवर दगडाची धूळ. छिन्नी उजव्या हातात, हातोडी डाव्या हातात. मी काही न बोलता राणीचा फोटो पुढे धरला. त्याने तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला आणि पहिला प्रश्न केला तो असा:

"बरी हाय ना ती? करंगळी मोडली तर न्हाई?"

"कोण ही, बाबा?"

"माझी मालकीण. जातं दळून राहिली. विळा लागला व्हता तवापासून करंगळी वाकडीच व्हती तिची. जाऊन नऊ वर्षं झाली."

सार्वभौमत्वाचं चक्र म्हणजे जातं होतं. पुढे त्याने सांगितलं की सम्राट म्हणजे त्याच्या गावचा जुना पोलीस पाटील, सेनापती म्हणजे बिरोबापुढे नाचणारा ढोलवाला आणि नर्तकी म्हणजे सूप घेऊन पाखडणारी बाई. "सर म्हनले, राजा कर. राजा कुठं पायला मी? गावात तेवढा एक माणूस मिशीला पीळ देत व्हता, त्यालाच बसवला." जमादारांना हसू आवरेना. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच जेलमधला माणूस आठवला.

संशोधकाने त्याला सांगितलं होतं की जुन्या पद्धतीच्या कामाचं एक दालन करायचं आहे. डोळ्यांचा विषय निघाला तेव्हा घाईत म्हणाला, राहू दे. म्हाताऱ्याला वाटलं, दालन झालं की घेणारे समोर उभे राहतील आणि आपल्याला डोळे उघडायला बोलावतील. बोलावणं आलं नाही. आलं ते पुस्तक. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी त्याला ते वाचून दाखवलं.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं, मूर्ती जुन्या म्हणून दाखवल्या जातायत?"

 त्याने हातोडी बाजूला ठेवली.

"व्हय, कळलं व्हतं. बाईनं तीनदा वाचून दाखवलं. राजाच्या पदरचे कलावंत म्हनलं व्हतं. असा हात पुन्हा झाला न्हाई म्हनलं व्हतं. साहेब, चाळीस वर्षं झाली, लोक संगमरवरी देव शहरातून आणतेत. मला बोलावतेत ते पाट्याला टाकी लावायला. त्या पुस्तकात माझ्या हाताला चांगलं म्हनलं, ते ऐकत राहिलो. गलती केली."

मी त्याला मेंढपाळाबद्दल सांगितलं. वर्तमानपत्र त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. तो उठला, टाक्यांची पिशवी खांद्याला लावली आणि आमच्या आधी जीपजवळ जाऊन उभा राहिला.

"चला," म्हणाला. "माझ्या दगडापायी दुसऱ्याचा माणूस आत ठेवू नका."

एवढ्याने केस सुटली असं वाटेल. तसं झालं नाही. पुरातत्त्वचे अधिकारी सज्जन होते, अभ्यासू होते. त्यांनी मूर्ती दोन तास तपासल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "या कामात जी पकड आहे ती आज कुणाकडे नाही. साम्राज्याचं मला ठाऊक नाही, तसा एकही लेख मी वाचलेला नाही. पण पाट्यांना टाकी लावणाऱ्या माणसाने हे केलं, यावर सही मी करणार नाही. त्या मेंढपाळाला सोडवायला कुणीतरी याला उभं केलं असेल." खरं सांगायचं तर मलाही मधूनमधून तसंच वाटत होतं. गुन्हा कबूल करणाऱ्या माणसावर पोलिसाने विश्वास ठेवू नये, हा प्रसंग माझ्या नोकरीत तेवढाच.

मग ठरलं की त्याने पंचांसमोर करून दाखवायचं. पूर्ण मूर्तीला महिने लागतात, म्हणून अधिकाऱ्यांनी राणीचा एक हात निवडला. चित्र समोर नाही, मूळ मूर्ती कुलपात. ठाण्याच्या अंगणात दगड आणून टाकला. रोज सकाळी दोन पंच समोर बसत, संध्याकाळी दिवसाच्या कामाचा पंचनामा होई आणि दगड मोहोरबंद करून मुद्देमाल खोलीत जाई. टाकीचा आवाज दिवसभर चाले. तक्रार द्यायला आलेली माणसं भांडण विसरून बघत उभी राहत. दोघा भावांनी तर बांधाची तक्रार न देताच घर गाठलं. मेंढपाळाची बायको मेंढरं घेऊन जवळच बसे. म्हातारा मधूनच तिला म्हणे, "पोरी, सरक, कपच्या उडतेत." ती म्हणे, "उडू द्या, काका. हात थांबवू नका."

पाचव्या दिवशी दगडातून हात बाहेर आला. पालथा, जात्याच्या खुंट्यावर पकड घेतलेला, नसा उमटलेला, करंगळी वाकडी. अधिकाऱ्यांनी मूळ मूर्ती शेजारी ठेवली आणि भिंग घेऊन बसले. टाकीचे घाव दोन्हींवर एकाच बाजूने तिरपे पडले होते, डावखुऱ्या माणसाचे पडतात तसे. घावांमधलं अंतरही तेच. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग भिंग खाली ठेवून ते मला म्हणाले, "लिहून घ्या. चारही मूर्ती बनावट आहेत."

म्हातारा कपाळावरची धूळ पुसत होता. त्याने विचारलं, "बनावट म्हंजे?"

 मीच म्हणालो, "म्हणजे खोट्या, बाबा."

"खोट्या?" तो माझ्याकडे बघत राहिला. "धुतल्या तवा तुमी टोपी काढली व्हती म्हनून सांगितलं मला ह्या बाईनं. दगड तोच हाय, साहेब. हात तोच हाय. राजाचा व्हता तवर खरा, अन् माझा निघाला तं खोटा?"

 अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "आमच्या भाषेतला शब्द आहे तो. काम खोटं नाही, बाबा. त्यावर चिकटवलेली गोष्ट खोटी आहे." म्हाताऱ्याने मान हलवली. पण तो शब्द त्याला लागायचा तो लागला होता.

संशोधकाला त्याच्या बंगल्यातून उचललं. मागच्या आवारात शेणाचा खड्डा होता, त्यात एका पावसाळ्यापासून पुरलेल्या आणखी दोन मूर्ती निघाल्या. त्याच खड्ड्यात मुरवून तो मूर्तींना वय आणायचा, मग मेंढपाळाच्या माळावर पुरून ठेवायचा आणि गिऱ्हाईक समोर असताना खणायला लावायचा. माझ्या नाक्यावर त्या सापडल्या नसत्या तर पुढे कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेल्या असत्या. याआधी त्याच्याकडून मूर्ती घेतलेल्या गिऱ्हाइकांकडे आम्ही चौकशी केली. बड्या माणसांपैकी एकानेही फसवलो गेलो असं कबूल केलं नाही. सगळे म्हणाले, शोभेसाठी घेतल्या होत्या.

मेंढपाळाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी स्वतः कोर्टात नेला आणि सुटकेच्या दिवशी त्याला आणायला स्वतःच गेलो. ठाण्यासमोर उतरल्यावर मी त्याच्या बायकोसमोर त्याला म्हणालो, "माझं चुकलं. मी हात उचलायला नको होता." पोलिसाच्या तोंडात हे शब्द बसत नाहीत. त्याने घोंगडी झटकली आणि शांतपणे म्हणाला, "तुमाला नाहक तकलीफ झाली, साहेब. आमाला तं सवय हाय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

म्हाताऱ्यालाही मला आरोपी करावं लागलं. कळूनही गप्प राहिला, हा त्याचा गुन्हा होता. जबाब वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "आरोपी लिवा, माझं काही म्हननं न्हाई. पन ह्या मूर्ती ह्यानंच घडवल्या, हेबी बराबर लिवा." कोर्टात न्यायाधीशांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं. त्याने हात जोडून सांगितलं, "गप राहिलो ते कबूल हाय. बाकी काम खरं हाय, मायबाप." वय बघून कोर्टाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. संशोधकाला शिक्षा झाली, आणि मूर्तींवर कुणीच हक्क सांगितला नाही म्हणून त्या घडवणाऱ्याला परत द्याव्यात असा आदेश निघाला.

लोक मला विचारतात, नोकरीत काय शिकलात. मी या केसचं सांगतो. दोन माणसं पहिल्या शब्दापासून माझ्याशी खरं बोलली आणि मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही, कारण एकाच्या अंगाला मेंढरांचा वास होता आणि दुसऱ्याच्या अंगावर दगडाची धूळ. जो खोटं बोलला त्याला मी खुर्ची दिली. जे राज्य कधी नव्हतंच ते मी एका दिवसात मान्य केलं, कारण ते चांगल्या कागदावर छापलं होतं. पुढे मी कुठल्याही ठाण्यात गेलो तरी एक नियम पाळला: आलेल्या माणसाला आधी बसायला सांगायचं, मग विचारायचं. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा जास्त सांगतो. त्या बाईला मी पहिल्याच दिवशी बसवलं असतं तर तिचा नवरा इतके दिवस आत राहिला नसता.

मूर्ती न्यायला म्हातारा आला, त्याच्याबरोबर मेंढपाळ गाडी घेऊन आला होता. देण्याआधी मुद्देमालाच्या रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करायची होती. जप्तीच्या दिवशी मी तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मेघांक साम्राज्यकालीन प्राचीन मूर्ती, नग चार'. ती ओळ मी लाल शाईने खोडली, बाजूला सही केली आणि त्याखाली म्हाताऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि 'यांनी स्वहस्ते घडवलेल्या मूर्ती, नग चार' असं लिहिलं. त्याने मला ते वाचायला लावलं. मग म्हणाला, "अजून एकदा वाचा." मी पुन्हा वाचलं. त्याने अंगठा उठवला आणि शाई वाळेपर्यंत त्या पानाकडे बघत उभा राहिला. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिला.

"साहेब, हे पुस्तक किती वर्सं राहतंय?"

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. ठरावीक वर्षं झाली की जुनी रजिस्टरं नियमाप्रमाणे नष्ट करतात. ते काम जमादारांनी स्वतः कितीदा केलं होतं. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या सरळ नजरेने खोटं सांगितलेलं नाही.

"कायम राहतं, बाबा," मी म्हणालो.